रंग दाखवणारं सीटीजी मशीन घ्यावं का?

नवीन लेबर रूम उभी करणारे ज्युनियर हमखास फोन करून विचारतात, मॅडम सीटीजी मशीन साधं घेऊ का ते कॉम्प्युटरवालं, आणि हल्ली तर पेशंटचे नवरे पण विचारायला लागलेत की तुमच्याकडे बाळाचे ठोके एआयने बघतात का. प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते. मी तालुक्याच्या गावात छोटं मॅटर्निटी होम चालवते, खाली हॉस्पिटल वर घर, आमचे हे बालरोगतज्ज्ञ, त्यामुळे बाळ बाहेर आल्यावर रडलं का नाही याचा हिशोब घरातल्या घरात लगेच मिळतो. मशीन घेऊन आता बरेच दिवस झालेत, सिस्टर लोकांच्या हातात रुळलंय. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगीच त्यांचा सेल्सवाला फोन करून डोकं खाणार, आणि तसंही जे सांगायचंय ते या जातीच्या बहुतेक मशिनांना लागू पडतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. सीटीजी म्हणजे पोटावर दोन पट्टे, एका पट्ट्याखाली जेली लावून डॉपलरचा प्रोब असतो तो बाळाचे ठोके पकडतो, दुसऱ्याखाली टोको असतो तो कळ आली की पोट कडक होतं ते टिपतो, आणि दोन्हीचा आलेख एकाखाली एक कागदावर निघत राहतो. ठोके साधारण मिनिटाला 110 ते 160 मधे हवेत, रेघ सरळसोट नको, तिला 5 ते 25 ठोक्यांची थरथर हवी, मधेमधे वर उड्या मारल्या तर उत्तम, आणि कळेबरोबर किंवा कळेनंतर खाली बुडी मारत असेल तर ती किती खोल, किती वेळ, दर कळेला का कधीतरी, हे बघायचं. साधं मशीन एवढं काढून देतं आणि पुढचं वाचन आपलं. कॉम्प्युटरवालं मशीन ते वाचन पण स्वतः करतं, बेसलाइन म्हणजे ठोक्यांची मूळ पातळी इतकी, बुड्या इतक्या, असं बाजूला मांडतं आणि हिरवा पिवळा लाल असा रंग देतं. साध्या मशिनच्या जवळजवळ दुप्पट पैसे आपण त्या रंगाचे मोजतो, म्हणून प्रश्न एवढाच की तो रंग दुप्पट पैशाच्या लायकीचा आहे का.

माझं मत विचाराल तर रंगासाठी घेऊ नका. पण त्याच मशिनमधे दुसऱ्या एक-दोन गोष्टी अशा निघाल्या की त्यासाठी मी परत घेईन, आणि गंमत म्हणजे डेमो देताना सेल्सवाल्याने त्यांचं नाव पण काढलं नव्हतं.

पहिली गोष्ट आईच्या नाडीची. डॉपलरला बाळाचं हृदय आणि आईची मोठी रक्तवाहिनी यातला फरक कळत नाही, त्याच्या समोर जे हलतंय ते तो मोजतो. बाळ खाली सरकलं, आई कुशीवर वळली, पट्टा घसरला की प्रोब गुपचूप आईची नाडी पकडतो आणि मशीन काही ओरडत नाही, कारण त्याच्या लेखी ठोके चालू आहेत. शेवटच्या टप्प्यात तर हे फारच फसवं, जोर लावताना बाईची स्वतःची नाडी सहज 130-140 ला जाते, म्हणजे आकडा बाळाचा शोभेल असा, आणि प्रत्येक कळेला वर उडी. बाळाचे ठोके शेवटी शेवटी कळेबरोबर सहसा खाली जातात, वर नाही. म्हणून दर कळेला सुंदर उड्या दिसायला लागल्या की खूश व्हायचं नसतं, मनगट धरायचं असतं.

आमच्याकडे झालं ते असं. रात्रीची वेळ, पहिलटकरीण, पिशवीचं तोंड पूर्ण उघडलेलं, जोर लावायला सुरुवात होऊन बराच वेळ झालेला, स्क्रीन हिरवा, आकडा 138, सगळं छान. आईच्या बोटाला नाडी मोजणारा पल्स ऑक्सिमीटरचा क्लिप लावला होता कारण आमच्या थोरल्या सिस्टर तो लावल्याशिवाय पट्टाच बांधत नाहीत. अचानक मशिनने दोन रेघा एकमेकींवर आल्याची खूण दाखवली आणि बारीक टिंग केलं, म्हणजे पोटावरचा आकडा आणि बोटाचा आकडा एकच. सिस्टरनी मनगट धरलं, तोंडाने ठोके मोजत प्रोब उचलला, खाली जघनाच्या हाडाच्या वर अगदी तिरका दाबून धरला, आणि खरा आवाज लागला तो जड, संथ, 85-90 चा. पुढे व्हॅक्यूम लावून बाळ काढलं, नाळ गळ्याभोवती होती, ह्यांनी जरा चोळलं, पाठीवर टिचक्या मारल्या, मग रडलं. आता बघा, ती खूण यायच्या आधी रंग कुठला होता? हिरवा. सॉफ्टवेअरने आईचा आलेख वाचला आणि अगदी बरोबर वाचला. कॉम्प्युटर कितीही हुशार असू दे, त्याच्यापुढे आलेला आलेख कुणाचा आहे हेच चुकलं तर सगळी हुशारी पाण्यात.

म्हणून मशीन बघायला जाल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा, की आईची नाडी वेगळी मोजून तुलना करतं का, आणि ती खूण स्क्रीनवर किती ठळक दिसते. काही साध्या मशिनांमधे पण ही सोय असते, त्यासाठी एआयची गरज नाही. आणि याच्यासोबतच ठोके दुप्पट-निम्मे करायची खोड बघा, ही पण डॉपलरची जुनी सवय आहे, बाळाचे ठोके 60 ला गेले तर मशीन 120 दाखवू शकतं आणि 200 वर गेले तर 100. कानाला मात्र फरक कळतो, त्यामुळे आवाज पूर्ण बंद करून फक्त आकडा बघत बसायचं नाही, हे नवीन सिस्टरला मी पहिल्याच दिवशी सांगते.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे आलेख मोबाइलवर दिसतो. वर जेवत असताना सिस्टरचा फोन येतो, मॅडम जरा डीप (म्हणजे बुडी) होतंय, आणि फोनवर ते डीप म्हणजे नक्की काय ते कळायला पाच प्रश्न विचारावे लागतात, आता मी ताटावरूनच आलेख बघते आणि ठरवते की हात धुवून जायचं का तसंच पळायचं. याला खरी किंमत आहे, विशेषतः आमच्यासारख्या जागी जिथे रात्री ड्युटीवर एकच सिस्टर आणि एक मावशी असते. पण याची दुसरी बाजू पण सांगते, आलेख फोनवर दिसतो म्हणून डॉक्टर खाली यायचा कंटाळा करायला लागला तर मशीन नसलेलं बरं. पाणी हिरवट आलंय का, रक्त जास्त जातंय का, बाई घाबरून श्वास रोखून धरतेय का, यातलं काहीच त्या आलेखात नाही.

आता रंगाकडे येऊ. याच्यावर मोठा अभ्यास झालेला आहे आणि सेल्सवाला तो सांगणार नाही म्हणून मी सांगते. ब्रिटन-आयर्लंडमधे इन्फंट नावाची ट्रायल झाली, 24 हॉस्पिटलं, 2010 ते 2013 मधे 47,000 वर बायका घेतल्या, निकाल 2017 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोन्ही गटांना तेच मशीन, तोच स्क्रीन, तोच आलेख, फरक इतकाच की एका गटात सॉफ्टवेअर आलेख वाचून निळा पिवळा लाल असे इशारे द्यायचं आणि दुसऱ्या गटात गप्प बसायचं. म्हणजे रंगाची परीक्षा घ्यायला याहून स्वच्छ ट्रायल कुणी करू शकलं नसतं. निकाल काय, तर बाळाचं काही वाईट झालं असं प्रमाण दोन्हीकडे 0.7 टक्के. आकड्यात सांगायचं तर एकीकडे 172 बाळं, दुसरीकडे 171. काही मुलं दोन वर्षांची झाल्यावर त्यांची वाढ पण तपासली, त्यातही फरक नाही.

पोर्तुगालमधल्या पोर्तोच्या लोकांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरची पण इंग्लंडमधे 7,700 च्या वर बायकांवर ट्रायल झाली, तिथेही ठाम फायदा सिद्ध झाला नाही. आणि बाळाच्या डोक्याला तार लावून ईसीजी बघायचं ते स्वीडिश स्टॅन मशीन, त्याची अमेरिकेत 11,000 वर बायकांवर परीक्षा झाली, 2015 ला छापून आली, फायदा नाही. एकापाठोपाठ एक.

हे वाचून माझ्या एका मित्राचं म्हणणं असं की म्हणजे सॉफ्टवेअरच भंगार. मला नाही तसं वाटत. सॉफ्टवेअर बुडी बरोबर ओळखतं, मी बघितलंय, रात्री साडेतीनला माझ्यापेक्षा जास्त नीट ओळखतं कारण त्याला झोप येत नाही. पण आपल्याकडे जे वाईट होतं ते आलेख वाचता आला नाही म्हणून किती वेळा होतं, आणि वाचला पण पुढे काही घडलं नाही म्हणून किती वेळा, हे प्रामाणिकपणे आठवून बघा. लाल आला. मग? कळा वाढवायची ऑक्सिटोसिनची ड्रिप कुणी बंद केली का, बाईला डाव्या कुशीवर कुणी वळवलं का, बीपी बघितलं का, हात घालून नाळ खाली आली नाही ना ते बघितलं का, आणि सिझर करायचं ठरलं तर भूलतज्ज्ञ किती लांब आहेत? आमचे भूलतज्ज्ञ शेजारच्या गावातून येतात आणि मधे रेल्वे फाटक आहे. फाटक पडलेलं असेल तर मशिनच्या लाल रंगाने ते काही वर जात नाही.

शिवाय लाल फार वेळा लागतो. बाई वळली, लघवीला गेली, पट्टा सैल झाला, की सिग्नल तुटतो, तुटला की कटकट, आणि दिवसभर अशी कटकट ऐकली की माणसाचा हात आपोआप आवाज बंद करायच्या बटणावर जातो. लांडगा आला रे आला. आमच्याकडे पहिल्या महिन्यात हेच झालं, मावशीसुद्धा ते बटण शिकल्या होत्या. शेवटी मी सेटिंगमधे जाऊन सिग्नल तुटल्याचा आवाज वेगळा आणि ठोक्यांच्या इशाऱ्याचा वेगळा करून घेतला, तुमच्या मशिनमधे तशी सोय नसेल तर घेऊच नका.

आणि रंग ठरवायचे नियम कुणाचे हे पण विचारा, हे कुणीच विचारत नाही. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने 2015 ला दिलेले नियम एक, इंग्लंडच्या नाइस या सरकारी संस्थेचे वेगळे, अमेरिकेचे कॅटेगरी एक दोन तीन असे आणखी वेगळे, आणि अमेरिकन नियमात दोन नंबरची कॅटेगरी एवढी मोठी आहे की कळा चालू असलेल्या बहुतेक बायका कधी ना कधी त्यात जाणारच. तुम्ही शिकलात एका नियमाने, सिस्टरला शिकवलंत दुसऱ्याने, आणि मशीन रंग देतंय तिसऱ्याने, मग भांडणं होतात. आमच्यात फिगो निवडता येतं, ते बरंय.

एक धोक्याची गोष्ट, ही नीट वाचा. डेमोला आलेला माणूस जे दाखवतो ते बहुतेक वेळा एनएसटीचं विश्लेषण असतं, म्हणजे कळा नसताना, नवव्या महिन्यात बाळ कमी हलतंय म्हणून केलेली तपासणी. त्याचं सगळ्यात नावाजलेलं गणित ऑक्सफर्डच्या डॉज आणि रेडमन यांचं, ते ठोक्यांच्या अंतरातला थोड्या थोड्या सेकंदांनी होणारा बारीक फरक मिलिसेकंदात मोजतं, 10 मिनिटात समाधान झालं तर थांब म्हणतं नाहीतर तासभर चालू ठेवतं. फार चांगलं काम आहे ते आणि एनएसटीला मी डोळे झाकून वापरते. पण ते कळा सुरू व्हायच्या आधीसाठी आहे. कळा जोरात चालू असताना तेच विश्लेषणाचं बटण दाबून आलेल्या उत्तरावर निर्धास्त झालात तर तुम्ही भलत्याच परीक्षेचा निकाल वाचताय. आमच्या मशिनवर दोन्ही बटणं शेजारी शेजारी आहेत, ही डिझाइनची सरळ सरळ बेपर्वाई आहे, मी तिथे चिकटपट्टी लावून मराठीत लिहून ठेवलंय, कळा असताना दाबू नये.

एआयचं म्हणाल तर एआय लिहिलं की सगळं खपतं आजकाल. मी त्या सेल्सवाल्याला विचारलं, किती बाळांच्या आलेखावर शिकवलंय तुमचं एआय, तर म्हणाला, "मॅडम लाखो डेटा आहे." बरं, लाखो काय, तर ते त्याला माहीत नव्हतं. या विषयावरचे एआयचे पेपर वाचले तर ढीगभर पेपर एकाच फुकट मिळणाऱ्या संचावर बेतलेले दिसतात, चेक देशातल्या ब्रनोच्या हॉस्पिटलचे 552 आलेख. 552! आता त्यातल्या खरोखर गुदमरलेल्या बाळांचे किती असतील याचा अंदाज करा. ऑक्सफर्डवाले हजारोंच्या संख्येने आलेख घेऊन नीट काम करतायत आणि पुढे काहीतरी चांगलं निघेल असं मला मनापासून वाटतं, पण आत्ता तुम्हाला विकलं जातंय ते तेच आहे असं समजू नका. कंपनीने कळा चालू असतानाचा अभ्यास दाखवला, छापून आलेला, तर पुढे बोला.

आता पेशंटचे नवरे जो प्रश्न विचारतात त्याकडे. सगळ्यांना सतत मशीन लावायलाच हवं का? नाही. ज्या बाईला बीपी नाही, शुगर नाही, बाळाची वाढ बरी, पाणी स्वच्छ, कळा आपल्या आपण सुरू झाल्या, तिला सतत सीटीजी लावू नये असं जागतिक आरोग्य संघटनेने 2018 ला स्पष्ट म्हटलंय, त्याऐवजी हातातल्या डॉपलरने किंवा नळीने दर 15 ते 30 मिनिटांनी आणि जोर लावताना दर 5 मिनिटांनी ठोके ऐकायचे, प्रत्येक वेळी निदान मिनिटभर. सतत मशीन लावणं आणि असं अधूनमधून ऐकणं (एका अभ्यासात अधूनमधून मशीन लावणं) यांची तुलना करणारे 13 अभ्यास एकत्र करून कॉक्रेन या अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने मांडलेत, 37,000 वर बायका, त्यात मशीन लावल्याने नवजात बाळाला झटके यायचं प्रमाण निम्मं झालं, हे खरंय आणि छोटी गोष्ट नाही, पण बाळं दगावायचं प्रमाण आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन येणारं अपंगत्व) यात काही फरक नाही, आणि सिझर मात्र 60 टक्क्यांनी वाढलं. आपल्याकडे खासगी हॉस्पिटलात आधीच काय चाललंय ते माहिती आहे ना, 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात खासगीत 47.4 टक्के बाळंतपणं सिझरने आणि सरकारीत 14.3 टक्के. आमच्या धंद्याला शिव्या घालणाऱ्यांनी घालाव्यात, पण यात मशिनचा आणि कोर्टाच्या भीतीचा वाटा आहे हे मी नाकारणार नाही. कागदावर बुडी छापून आली की ती फाइलमधे राहते, आणि काही बिनसलं तर वकील पहिल्यांदा तोच कागद मागतो, मग ज्या बुडीकडे पूर्वी कान देऊन दहा मिनिटं वाट बघितली असती तिथे आता सरळ ऑपरेशन थिएटर तयार करायला सांगतात.

एक जुना उपाय मी अजून वापरते, मशीन पिवळं झालं की हात घालून तपासताना बाळाच्या डोक्याला बोटाने जरा गुदगुली करायची, ठोक्यांनी वर उडी मारली तर बाळ बहुतेक ठीक असतं आणि थांबता येतं. विलायतेत काही ठिकाणी बाळाच्या डोक्यातून थेंबभर रक्त काढून तपासतात, आपल्याकडे तालुक्याला ते कुठून. या बोटाला काही वेगळं बिल लागत नाही.

मशिनचा त्रास काय काय, तर नातेवाईक. स्क्रीन मोठा आणि आकडा भलामोठा, त्यामुळे सासूबाईंचे डोळे सुनेकडे नसतात, आकड्याकडे असतात. "अहो सिस्टर, कमी झालं बघा, 152 चे 128 झाले!" आता 128 मधे काही वाईट नाही पण ते कळेपर्यंत पोरगी घाबरलेली असते आणि कळा देणारीला घाबरवणं याच्याइतकं वाईट काम नाही. आम्ही स्क्रीन भिंतीकडे वळवतो आणि आवाज बारीक ठेवतो, फक्त सिस्टरला ऐकू येईल एवढा. काही बायकांना मात्र तो टकटक आवाज धीर देतो, त्यांना विचारून मोठा करतो.

दुसरा त्रास, बाई पलंगाला बांधली जाते. पट्टे हलू नयेत म्हणून सिस्टर तिला उताणी झोपवतात आणि उताणं झोपल्यावर पिशवीचं वजन मोठ्या रक्तवाहिनीवर येऊन बाळाचे ठोके खाली जातात, म्हणजे ठोके बघायच्या नादात ठोके बिघडवायचे. डाव्या कुशीवर किंवा अर्धवट बसवूनच लावा. वायरलेस प्रोबचं मशीन मिळतं, बाई उठून फिरू शकते, महाग आहे पण पैसे घालायचेच तर एआयपेक्षा तिथे घाला असं मी म्हणेन. आम्ही घेतलं नाही, बजेट संपलं होतं.

बारीकसारीक पण डोकं उठवणाऱ्या गोष्टी. कागदाचा वेग बघून घ्या, मशीन मिनिटाला 1 सेंटीमीटर आणि 3 सेंटीमीटर दोन्ही वेगाने चालतं, 1 ची सवय असलेल्या डोळ्याला 3 वर काढलेला आलेख लांबट आणि थरथर गेलेला वाटतो, उगाच घाबरायला होतं, पूर्ण हॉस्पिटलमधे एकच वेग ठेवा आणि रेफर करताना चिठ्ठीवर वेग लिहा. मशिनचं घड्याळ आणि भिंतीवरचं घड्याळ जुळवा, आमचं मशीन लाइट गेली आणि यूपीएस पण बसला की घड्याळ मागे टाकायचं, आणि कागदावर डिलिव्हरी व्हायच्या आधीची वेळ डिलिव्हरीनंतर छापलेली असेल तर कोर्टात काय समजावणार. थर्मल कागद वर्षा-दोन वर्षात पुसट होतो, उन्हाळ्यात कपाटात ठेवला तर आणखी लवकर, म्हणून पेनड्राइव्हवर किंवा फोटो काढून ठेवा, सेरेब्रल पाल्सीच्या केसेस कितीतरी वर्षांनी उभ्या राहतात आणि तेव्हा हातात कोरा कागद असतो. पट्ट्यांचं इलॅस्टिक महिन्याभरात ढिलं पडलं, कंपनीचे नवीन पट्टे अवाच्या सवा महाग, आमच्या मावशींनी बाजारातून रुंद इलॅस्टिक आणून शिवून काजं केली आणि ते मूळच्यापेक्षा चांगले बसतात, धुता पण येतात. जेली मात्र प्रत्येक वेळी पुसून काढा, वाळली की प्रोबच्या काठाला चिकटून चीर पडते, आणि प्रोब खाली पडला तर त्याची किंमत ऐकून आपण खाली पडतो.

सर्व्हिस सामान्य. फोन उचलतात, गोड बोलतात, माणूस पाठवायला आठवडा लावतात. एकदा सॉफ्टवेअरचं लायसन्स संपलं म्हणून रंग यायचे बंद झाले आणि ते रिन्यू करायला पैसे लागतात हे विकताना सांगितलं नव्हतं. तोंडी विचारू नका, कोटेशनमधे लिहून घ्या, दरवर्षी किती, नाही भरले तर साधा आलेख तरी चालू राहील का, आणि आलेख क्लाउडवर जात असतील तर ते कुणाच्या ताब्यात राहणार. ते लायसन्स रिन्यू होईपर्यंत दोन-तीन आठवडे आम्ही रंगाशिवाय काढले, आणि खरं सांगू का, ड्युटीवरच्या कुणालाच त्याची उणीव जाणवली नाही, उलट सिस्टर परत आलेख हातात घेऊन बघायला लागल्या होत्या.

मग घ्यावं कुणी? ज्यांच्याकडे महिन्याला भरपूर डिलिव्हऱ्या आहेत, तीन-चार बायका एकाच वेळी कळा देतायत आणि सिस्टर दोनच, त्यांना एका स्क्रीनवर सगळ्यांचे आलेख आणि मोबाइलवर लाइव्ह, याचा उपयोग होईल, जरूर घ्या. आमच्यासारख्या एक-दोन टेबलवाल्यांनी आईची नाडी ताडून बघणारं साधं पण चांगलं मशीन, एक हातातला डॉपलर, जास्तीच्या बॅटऱ्या, आणि उरलेल्या पैशात रात्रीला आणखी एक सिस्टर ठेवावी. ड्रिप बंद करायला, कुशीवर वळवायला आणि वर फोन करायला हातच लागतात.

पाचापैकी तीन देते. नाडीच्या खुणेला पूर्ण, मोबाइलच्या आलेखाला पूर्ण, रंगाला अर्धा, आणि कंपनीच्या पट्ट्यांना काहीच नाही. पेपर रोल ऑनलाइन मागवणार असाल तर रुंदी आणि घडीचा का गुंडाळीचा ते मागच्या रिकाम्या खोक्यावर बघून मागवा, आमच्याकडे चुकीच्या मापाचा एक अख्खा बॉक्स आलाय आणि दुकानदार परत घेत नाहीये, कुणाला 110 मिलिमीटरचा चालत असेल तर सांगा.